सुकुमार सेन : पहिल्या मतदारयादीचे शिल्पकार

निवडणुकीच्या दिवशी आपल्या शाळांचे रूप पालटून जाते. ज्या वर्गात एरवी भूमितीची प्रमेये मांडली जातात, त्याच वर्गात टेबले एका रांगेत लागतात, दारावर क्रमांकाचा कागद चिकटवला जातो आणि सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा येथील आबालवृद्ध फाटकाबाहेर शिस्तीने उभे राहतात. पहिल्या टेबलापाशी बसलेला अधिकारी एका छापील यादीवरून बोट फिरवतो, नाव सापडताच मोठ्याने उच्चारतो, त्यावर खूण करतो आणि मगच त्या माणसाला पुढे जाऊ देतो. मतपेटी, शाई, यंत्र या साऱ्या गोष्टी नंतरच्या. लोकशाहीचा पहिला उंबरठा ती यादी हाच होय. ज्याचे नाव तीत नाही, तो कितीही विद्वान असो वा कितीही धनवान, त्याला त्या दिवशी रिकाम्या हातांनी परतावे लागते.

ही यादी आपल्या देशात प्रथम कशी सिद्ध झाली आणि ती सिद्ध करविणारा पुरुष कोण होता, हे आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पंडित नेहरू, सरदार पटेल, डॉ. आंबेडकर यांची चरित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. परंतु सतरा कोटींहून अधिक नावांची यादी ज्याच्या देखरेखीखाली तयार झाली, त्या सुकुमार सेन यांचे नाव क्वचितच कानी पडते. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, सभा गाजविल्या नाहीत, स्वतःविषयी बोलण्याची हौसही त्यांना नव्हती. म्हणून त्यांच्या कार्यावरूनच त्यांची ओळख करून घेण्याचे आम्ही योजिले आहे.

सुकुमार सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका सुशिक्षित बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे एक बंधू अशोक कुमार सेन हे पुढे नामांकित कायदेपंडित व केंद्रीय कायदामंत्री झाले. सुकुमार यांचे शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात व त्यानंतर लंडन विद्यापीठात झाले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय आणि त्या विषयात त्यांनी लंडन येथे सुवर्णपदक मिळविले. पुढील आयुष्यात हा गणिती त्यांना किती उपयोगी पडला, हे लवकरच दिसून येईल. १९२०च्या दशकाच्या आरंभी ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत त्यांनी काम केले, न्यायाधीश म्हणूनही निवाडे दिले आणि स्वातंत्र्यानंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. जिल्ह्याचा कारभार पाहिल्यामुळे त्यांना खेड्याची माहिती होती. न्यायासनावर बसल्यामुळे पुराव्यावाचून कोणतीही गोष्ट खरी न मानण्याची सवय त्यांच्या अंगी बाणली होती.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. त्या घटनेने एक विलक्षण धाडस केले होते. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीयाला, मग तो स्त्री असो वा पुरुष, श्रीमंत असो वा निर्धन, तिने मताचा हक्क दिला. इंग्रजी अमदानीत हा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता. आमच्या हैदराबाद संस्थानात तर लोकांना जबाबदार राज्यपद्धतीसाठी तुरुंगवास पत्करावा लागला होता. आता एकाच फटक्यात साऱ्या अटी गळून पडल्या. मात्र हक्क देणे आणि तो प्रत्यक्ष हाती पडणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर ओलांडण्याचे साधन म्हणजे मतदारयादी होय.

राज्यघटना तयार होत असतानाच या यादीविषयी घटना समितीत एक महत्त्वाची चर्चा झाली होती. आरंभी प्रत्येक प्रांताला स्वतःचा निवडणूक आयोग असावा, अशी कल्पना होती. परंतु १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती बदलण्याचा प्रस्ताव मांडला. काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत येऊ न देण्याचे प्रकार चालले असल्याचे मसुदा समितीच्या कानावर आले होते. अशा अन्यायापासून अल्पसंख्य रहिवाशांचे रक्षण व्हावे, म्हणून मतदारयाद्यांची देखरेख प्रांतिक सरकारांच्या हाती न ठेवता अखिल भारताच्या एका स्वतंत्र आयोगाकडे सोपवावी, असे त्यांनी सांगितले. राज्यघटनेचे ३२४ वे कलम त्यातूनच आकारास आले. त्यापुढील ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणालाही यादीतून वगळता येणार नाही असे बंधन घातले आणि प्रत्येक मतदारसंघासाठी सर्वांची मिळून एकच यादी असेल असे ठरविले. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी भाषिकांना या दूरदृष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

२५ जानेवारी १९५० रोजी निवडणूक आयोग स्थापन झाला आणि २१ मार्च १९५० रोजी सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त नेमले गेले. त्या वेळी आयोग म्हणजे ते एकटेच सदस्य. १९५१च्या वसंत ऋतूतच निवडणुका व्हाव्यात, अशी पंतप्रधान नेहरूंची इच्छा होती. नव्या राष्ट्राला लोकांनी निवडलेले सरकार लवकर मिळावे, ही उत्कंठा स्वाभाविकच होती. परंतु सेन यांनी कामाचा अंदाज घेतला आणि घाई करण्यास नकार दिला. अर्धवट यादीवर घेतलेली निवडणूक ही निवडणूकच नव्हे, हे त्या गणितज्ञाला पक्के ठाऊक होते. पायाच वाकडा पडला तर वरच्या भिंती सरळ कशा येणार?

कामाचा डोंगर केवढा होता, याची कल्पना काही आकड्यांवरून येईल. मतदारांची संख्या १७ कोटी ३२ लाखांहून अधिक भरली. त्यांतील दर शंभरांत सुमारे ८५ जणांना लिहितावाचता येत नव्हते. मतदारसंघवार याद्या टंकलिखित करून जुळविण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या करारावर नेमावे लागले. याद्यांच्या छपाईस सुमारे ३,८०,००० रिमे कागद लागला. एका रिमात पाचशे ताव धरले, तर हे एकोणीस कोटी ताव होतात. आमच्या विद्यार्थ्यांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा, म्हणजे त्या कामाचे वजन ध्यानी येईल.

या कामाचा आरंभ सेन येण्यापूर्वीच झाला होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. घटना समितीच्या सचिवालयाने १९४७च्या अखेरीपासून याद्यांची योजना आखली होती आणि १९४८ साली प्रांतांना सूचना धाडल्या होत्या. फाळणीमुळे लक्षावधी निर्वासित घरदार सोडून आले होते. त्यांचा कायमचा पत्ता कोणता लिहावा? येथेच कायम राहण्याचा आपला मनोदय आहे, एवढे त्यांनी लिहून द्यावे आणि त्यावर त्यांची नावे नोंदवावीत, असा उदार मार्ग त्या वेळी काढण्यात आला. सेन यांच्या हाती हे कच्चे काम आले. ते नव्या कायद्याच्या चौकटीत बसविणे, तपासणे, दुरुस्त करणे आणि मतदान केंद्रावर उपयोगी पडेल अशा स्वरूपात आणणे हे त्यांचे कार्य होते.

यादी तयार करण्याची रीत वरवर साधी दिसते. गणना करणारा घरोघर जातो, पात्र माणसांची नावे, वय, पित्याचे वा पतीचे नाव आणि घराचा ठिकाणा उतरून घेतो. या नोंदींची प्रारूप यादी प्रसिद्ध होते. ती लोकांनी पाहावी, राहिलेले नाव घालण्यासाठी अर्ज करावा, चुकून आलेल्या नावाला हरकत घ्यावी, असा ठराविक अवधी दिला जातो. अधिकारी त्यांवर निर्णय देतो आणि मग अंतिम यादी छापली जाते. या रीतीत दोन प्रकारचे दोष संभवतात. खऱ्या मतदाराचे नाव सुटणे हा एक. मृताचे, गाव सोडून गेलेल्याचे किंवा एकाच माणसाचे दोन ठिकाणी नाव राहणे हा दुसरा. पहिल्या दोषाने हक्क बुडतो, तर दुसऱ्याने तोतयाला वाट मिळते. एक दोष टाळण्याच्या भरात दुसरा वाढू न देणे, यातच या कामाची खरी कसोटी आहे.

हैदराबादसारख्या बहुभाषिक राज्यात हे काम अधिकच नाजूक होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट संपली. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांतच तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या प्रजेला मतदार व्हावयाचे होते. मराठी माणूस आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव सांगतो. तेलुगू माणूस घराण्याचे नाव आधी लावतो. उर्दू लिपीत ऱ्हस्वस्वर बहुधा लिहीतच नाहीत. एकच नाव तीन लिप्यांत तीन रूपे घेते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. म्हणूनच यादीत केवळ नाव पुरत नाही. पित्याचे वा पतीचे नाव, वय आणि घर या साऱ्यांची साक्ष लागते.

आता आपण सेन यांच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू.

याद्या तपासताना असे आढळून आले की, लक्षावधी स्त्रियांची नावेच त्यांत नाहीत. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशा नोंदी गणकांनी केल्या होत्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत हा प्रकार विशेष होता. परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगणे तेथील स्त्रियांना मर्यादेबाहेरचे वाटे. आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. आमच्या मराठी घरांतही पतीचे नाव उच्चारण्यासाठी उखाण्याची आडवाट शोधावी लागे, हे आमच्या आज्या सांगतात. यादीला तर स्त्रीचे नाव हवे आणि तिच्या पतीचेही. जिला एकही उच्चारण्याची मुभा नाही, तिने गणकाला काय सांगावे?

सेन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. त्या नोंदी तशाच राहू द्याव्यात, म्हणजे संख्या मोठी दिसेल आणि कोणी तक्रार करणार नाही. परंतु मतदान केंद्रावर अमक्याची आई म्हणून कोण आली, हे केंद्राध्यक्षाने कशावरून ओळखावे? तिच्या नावावर दुसरीच कोणी मत देऊन गेली तर? शिवाय, ज्या घटनेने स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने मत दिले, तिच्याच यादीत स्त्रीने कोणाची तरी सावली म्हणून राहावे, हे विसंगत होते. दुसरी वाट कठोर होती. स्त्रीने आपले नाव सांगितले तरच ती यादीत राहील. सेन यांनी ही दुसरी वाट पत्करली. नावे दुरुस्त करून घेण्याचे प्रयत्न झाले आणि पुष्कळ नोंदी सुधारल्या. तरीही देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची खरी नावे मिळू शकली नाहीत. त्या नोंदी यादीतून काढून टाकण्यात आल्या.

अठ्ठावीस लाख! पहिल्याच निवडणुकीत एवढ्या स्त्रियांचा हक्क हुकला. हा निर्णय योग्य होता काय, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर सोपे नाही. त्या स्त्रियांनी कोणताही अपराध केला नव्हता. रूढीने त्यांचे तोंड बांधले होते आणि शिक्षा मात्र त्यांनाच झाली. दुसऱ्या बाजूने पाहता, निनावी नोंदी कायम ठेवल्या असत्या तर ती रूढी सरकारी शिक्क्याने बळकटच झाली असती. नावे वगळल्यामुळे जो गदारोळ उठला, त्याकडे सेन यांनी आशेने पाहिले. पुढील निवडणुकीपर्यंत हा संकोच दूर होण्यास तो कारण होईल, असा त्यांचा विश्वास होता. आम्हांला त्यांच्याविषयी आदर वाटतो, तो विशेषेकरून दुसऱ्या एका गोष्टीमुळे. निवडणुकीनंतर प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालात त्यांनी हा उणेपणा झाकला नाही. काढून टाकलेल्या नावांचा आकडा त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला. आपल्या कामातील उणीव आपल्याच हाताने लिहून ठेवणारे अधिकारी किती आढळतात?

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातील चिनी तहसिलीत पहिले मतदान झाले, कारण पुढे हिमवर्षावाने वाटा बंद होणार होत्या. तेथून फेब्रुवारी १९५२ पर्यंत हे महापर्व चालले. निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक उमेदवाराला चिन्ह देण्यात आले आणि प्रत्येकाची पेटी वेगळी ठेवली गेली. त्यासाठी वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या. आमच्या हैदराबादच्या ऑल्विन कारखान्यातही अशा पेट्या घडल्या आणि मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या. एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये, म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावण्याची योजनाही तेव्हाचीच. यादीवरची खूण आणि बोटावरची खूण या दोन्ही एकमेकींच्या साक्षीदार झाल्या.

हैदराबाद राज्यात या निवडणुकीने जो पालट घडविला, तो अपूर्व होता. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढा ऑक्टोबर १९५१ मध्येच मागे घेण्यात आला होता. त्या लढ्यातील नेते रावि नारायण रेड्डी हे नलगोंड्याहून प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्याहून निवडून आले. मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव राज्याचे मुख्यमंत्री झाले. परस्परांचे कट्टर विरोधक एकाच यादीवर विश्वासून एकाच पेटीपाशी आले, हे त्या यादीचेच यश नव्हे काय? साऱ्या देशात सुमारे निम्म्या मतदारांनी मतदान केले आणि या प्रचंड प्रयोगाविषयी शंका घेणारे स्तब्ध झाले.

सेन यांची कीर्ती आता परदेशीही पोहोचली. १९५३ साली सुदान देशात पहिली निवडणूक व्हावयाची होती. तिच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांना देण्यात आले आणि त्यांनी ती कामगिरी यशस्वीपणे पार पाडली. १९५४ साली पद्म पुरस्कारांना आरंभ झाला, तेव्हा त्या पहिल्याच वर्षी ते पद्मभूषण झाले.

१९५७ची दुसरी निवडणूकही त्यांच्याच हातून पार पडली. तिच्या आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आणि कन्नड जिल्हे म्हैसुरात सामील झाले. जी गावे कालपर्यंत एका राज्याच्या यादीत होती, ती आता तीन राज्यांत विभागली गेली. चार महिन्यांच्या आत मतदानास प्रारंभ झाला, यावरून त्या काळच्या धावपळीची कल्पना करावी. या वेळी मतदारांची संख्या १९ कोटींवर गेली. पहिल्या निवडणुकीतील पेट्या सेन यांनी काळजीपूर्वक जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे नव्या थोड्याच घ्याव्या लागल्या आणि सरकारचा साडेचार कोटी रुपयांच्या घरात खर्च वाचला. गृहिणीने जुनी भांडी घासूनपुसून पुन्हा वापरावीत, तशी ही काटकसर होती.

डिसेंबर १९५८ मध्ये ते या पदावरून निवृत्त झाले. १९६० साली बरद्वान विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे ते पहिले कुलगुरू होत. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचे निधन झाले. त्यांचा पुतळा आपल्या शहरात नाही आणि त्यांची जयंतीही आपण साजरी करीत नाही. तरीही दर निवडणुकीला शाळेच्या वर्गात जी यादी उघडली जाते, तीच त्यांचे खरे स्मारक होय. १९५२ साली सतरा कोटी नावांनी सुरू झालेली ती यादी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत सुमारे ९७ कोटी नावांची झाली.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? सेन यांनी यादीची रीत घालून दिली, परंतु यादी अचूक ठेवणे हे केवळ सरकारचे काम नाही. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, तेव्हा ती उघडून पाहणारे किती असतात? मतदानाच्या दिवशी फाटकाशी असे एखादे वृद्ध गृहस्थ हमखास दिसतात, की ज्यांनी घर बदलले पण नाव बदलून घेतले नाही. अशी एखादी सून दिसते, जिचे नाव अजून माहेरच्याच गल्लीत आहे. शेजारच्या घरातील आजोबा वारले, पण यादीत ते अद्याप हयात आहेत. या चुका यंत्राने आपोआप सुधारत नाहीत. कोणीतरी जाऊन सांगावे लागते.

मतदानाचे वय १९८९ पासून अठरा वर्षांवर आले आहे. सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, आणि आता वर्षातून चार तारखांना पात्रता मोजली जाते. नव्या नावासाठी सहा क्रमांकाचा नमुना भरावयाचा असतो. आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांना अजून एक-दोन वर्षे अवकाश आहे. परंतु आपल्या आईचे, आजीचे, शेजारच्या काकूंचे नाव यादीत आहे किंवा नाही, ते शुद्ध लिहिले आहे किंवा नाही, एवढे पाहण्यास आजही कोणाची आडकाठी नाही. १९५२ साली ज्या २८ लाख स्त्रिया नावावाचून राहिल्या, त्यांचे थोडेसे ऋण या मार्गाने फेडता येईल. आपल्या घरातील स्त्रीचे पूर्ण नाव विद्यार्थ्यांनी आज संध्याकाळीच यादीत शोधावे, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.